विश्लेषण : रॅम महागली म्हणून पॉवर सप्लायला कात्री? घरी गेमिंग संगणक जुळवताना नेमके कुठे चुकते?

मेमरीच्या किमती भडकल्यामुळे घरी गेमिंग संगणक जुळवणाऱ्यांचे गणित विस्कटले आहे. ठरलेल्या रकमेत संगणक बसवायचा तर कुठे तरी कात्री लावावी लागते. ती बहुतेक वेळा जो भाग दिसत नाही त्याला, म्हणजे पॉवर सप्लायला लावली जाते. लोणी काळभोरसारख्या ठिकाणी, जिथे उन्हाळा कडक आहे, हमरस्त्याची धूळ आहे आणि भाड्याच्या खोलीतील वायरिंगचा भरवसा नाही, तिथे ही काटकसर सर्वात महागात पडू शकते.

लोणी काळभोरमध्ये हा प्रश्न का महत्त्वाचा?

पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी काळभोरची जुनी ओळख तेल कंपन्यांच्या डेपोंची आणि राज कपूर यांच्या राजबागेची. त्याच राजबागेत आता एमआयटी आर्ट, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठ आहे. अभियांत्रिकी, डिझाइन, अॅनिमेशन शिकणारी मुले आसपासच्या वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्यासाठी गेमिंग संगणक ही केवळ चैन नसते. रात्री ज्या यंत्रावर खेळ चालतो, त्याच यंत्रावर दिवसा ब्लेंडरमधील रेंडर किंवा अनरिअल इंजिनमधील प्रकल्प चालतो. ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा २०२० मधील खेळ बनवणारी नॉडिंग हेड्स गेम्स आणि ‘इंडस’ हा मोबाइल खेळ आणणारी सुपरगेमिंग या दोन्ही कंपन्या पुण्याच्याच. त्यामुळे ‘खेळासाठी एवढे पैसे कशाला’ या पालकांच्या प्रश्नाला आज उत्तर आहे. मात्र ते पैसे घरच्या बचतीतून येतात आणि पुन्हा लगेच मिळत नाहीत. म्हणूनच भागांची निवड चुकली, तर नुकसान खेळापुरते राहत नाही.

रॅम एवढी का महागली?

जगातील बहुतांश डीरॅम मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या उच्च क्षमतेच्या मेमरीत नफा अधिक असल्याने कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. परिणामी २०२५ च्या अखेरच्या काही महिन्यांत घरगुती संगणकाच्या डीडीआर५ रॅमच्या किमती दुपटीहून अधिक झाल्या. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने चालणारा आपला ग्राहक व्यवसाय बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कमी पैशांत भरवशाची रॅम आणि एसएसडी म्हणून भारतात हे नाव घरोघरी पोहोचले होते. थोडक्यात, रॅमची महागाई दुकानदाराच्या हातात नाही आणि घासाघीस करून ती फारशी उतरणारही नाही. म्हणून भरपाई दुसरीकडून करावी लागते. प्रश्न एवढाच की कुठून?

निवड कोणत्या भागापासून सुरू करावी?

बहुतेक याद्या प्रोसेसरपासून सुरू होतात. प्रत्यक्षात यादीची दोन टोके आधी पक्की करायला हवीत. एक टोक समोरचा मॉनिटर आणि दुसरे भिंतीतला प्लग. मधले सगळे भाग या दोन टोकांवर ठरतात.

मॉनिटरचे गणित सोपे आहे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० बाय १४४० वर सुमारे ३६.९ लाख आणि फोर-के पडद्यावर सुमारे ८२.९ लाख. म्हणजे फोर-के पडद्यासाठी ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक चित्र चौपट पिक्सेलचे रंगवावे लागते. दुसरा आकडा हर्ट्झचा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र तयार करायला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झवर जेमतेम ६.९. ज्याच्याकडे ६० हर्ट्झचा जुना १०८० पी मॉनिटर आहे आणि तोच वापरायचा आहे, त्याने महागडे ग्राफिक्स कार्ड घेणे म्हणजे गल्लीत चालवण्यासाठी रेसिंगची मोटार घेणे. कार्डाने सेकंदाला दीडशे चित्रे तयार केली तरी पडदा साठच दाखवणार.

प्रोसेसर महत्त्वाचा की ग्राफिक्स कार्ड?

हे खेळावर अवलंबून आहे. ‘व्हॅलोरंट’सारख्या स्पर्धात्मक खेळांत चित्रे तुलनेने साधी असतात, पण ती सेकंदाला शेकड्याने हवी असतात. तिथे प्रोसेसर आधी थकतो. ‘सायबरपंक २०७७’सारख्या भव्य खेळांत भार ग्राफिक्स कार्डावर येतो. दोन्ही प्रकार खेळणाऱ्याने मधल्या फळीतला सहा कोअरचा प्रोसेसर घेऊन उरलेला पैसा कार्डाकडे वळवणे शहाणपणाचे. एकूण रकमेतील ३५ ते ४० टक्के कार्डावर खर्च करणे वाजवी आहे. त्यापुढे गेल्यास बाकीचे भाग उपाशी राहतात.

येथे नावांची गल्लत टाळायला हवी. आरटीएक्स ५०६० टीआय हे एकाच नावाचे कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळते. एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीचेही तसेच. १०८० पी पडद्यावर खेळण्यापुरते ८ जीबी आज बऱ्यापैकी चालून जाते, पण टेक्श्चरची गुणवत्ता वाढवली किंवा ब्लेंडरमध्ये मोठे दृश्य उघडले की ते अपुरे पडते. शिकण्यासाठीही यंत्र वापरणाऱ्याने १६ जीबीचा विचार करावा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. कार्ड बिघडले की दुरुस्तीच्या काळात पडदा पूर्ण काळा.

भाग एकमेकांना साजेसे असण्याचे महत्त्व पुण्याला नवे नाही. सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तो बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर चिप मोठ्या संख्येने एकत्र जोडून. एकेकटी चिप काही महासंगणक नव्हती. ताकद जोडणीत होती. घरच्या टेबलावरील संगणकालाही हाच नियम लागू पडतो.

रॅम महाग असताना काय करावे?

पहिला उपाय, गरज तपासणे. खेळांसाठी १६ जीबी रॅम आजही पुरते. ३२ जीबी चांगलीच, पण ती नंतर वाढवता येते. १६ जीबी घेताना मात्र एकच पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात, म्हणजे प्रोसेसरला मेमरीशी बोलण्यासाठी दोन मार्ग मिळतात. पुढे रॅम वाढवायची असेल तर मदरबोर्डवर चार खाचा आहेत का, हे आजच पाहावे. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही. त्यामुळे कुणाकडून जुनी रॅम फुकट मिळाली, तरी मदरबोर्ड कोणता आहे हे आधी बघायला हवे.

दुसरा उपाय, टप्प्याटप्प्याने जुळणी. रायझेन ५ ८६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये बऱ्यापैकी अंगभूत ग्राफिक्स असते. त्यावर हलके खेळ चालतात आणि स्वतंत्र कार्ड सहा-आठ महिन्यांनी घेता येते. एएमडीचा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला पाठबळ देऊ, असे कंपनीने सांगितले आहे. म्हणजे आजचा मदरबोर्ड न बदलता उद्याचा प्रोसेसर बसवण्याची सोय राहते. पैसे अपुरे असतील तर भाग निकृष्ट घेण्यापेक्षा एखादा भाग उशिरा घेणे केव्हाही चांगले.

पॉवर सप्लायबाबत गल्लत कुठे होते?

बाजारात ज्याला सरसकट एसएमपीएस म्हणतात, तो भाग घरातील २३० व्होल्टचा वीजप्रवाह १२ व्होल्टच्या स्थिर प्रवाहात बदलतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात. त्यामुळे खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेल्या वॉटपेक्षा बाजूच्या लेबलवरील १२ व्होल्टचा रकाना महत्त्वाचा. समजा, खोक्यावर ४५० वॉट लिहिले आहे, पण लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर आहे. बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॉट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मिळून त्याला खऱ्या अर्थाने एवढेच मिळणार. उरलेले वॉट ज्या व्होल्टसाठी मोजलेले असतात, त्यांची आजच्या गेमिंग संगणकाला फारशी गरजच नसते.

‘८० प्लस’ या शिक्क्याबद्दलही गैरसमज आहे. हा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती संगणकाला मिळते आणि किती उष्णतेत वाया जाते. व्होल्टेज अचानक वाढल्यास किंवा शॉर्टसर्किट झाल्यास पुरवठा तोडणारी संरक्षक व्यवस्था कितपत चोख आहे, हे तो सांगत नाही. त्यासाठी त्याच मॉडेलच्या स्वतंत्र चाचण्या वाचाव्या लागतात आणि वॉरंटी किती वर्षांची आहे हे पाहावे लागते. पाच किंवा अधिक वर्षांची वॉरंटी देणारा उत्पादक स्वतःच्या मालावर पैज लावत असतो. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणाऱ्या एसएमपीएसवर अशी पैज कुणी लावत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. असे स्वस्त एसएमपीएस गावोगावच्या सायबर कॅफेत आणि कार्यालयांत वर्षानुवर्षे चालतातच की! ते खरे आहे. पण कार्यालयातील संगणक शंभर वॉटही मागत नाही आणि जे मागतो ते संथपणे. गेमिंग संगणकाचा भार खेळातील एका स्फोटासरशी क्षणार्धात उसळतो. त्या क्षणी व्होल्टेज ढासळले तर संगणक बंद पडतो, हा झाला सौम्य परिणाम. निकृष्ट एसएमपीएस जळताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डालाही सोबत घेऊन जाऊ शकतो. एकूण खर्चाच्या सहा-आठ टक्क्यांचा भाग उरलेल्या नव्वद टक्क्यांचा राखणदार आहे, हे विसरून चालत नाही.

भिंतीतल्या प्लगमध्ये काय पाहावे?

आधी अर्थिंग. संगणकाच्या धातूच्या कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येतात, ही तक्रार भाड्याच्या खोल्यांत सर्रास ऐकू येते. एसएमपीएसमधील फिल्टर किंचित वीज कॅबिनेटमार्फत जमिनीत सोडत असतो. अर्थिंग नसेल तर तिला वाट मिळत नाही आणि ती स्पर्श करणाऱ्याच्या बोटाला जाणवते. ‘थोडेसे होतेच’ म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नाही. एसएमपीएसमध्ये बिघाड झाला तर हेच कॅबिनेट धोकादायक ठरू शकते. घरमालकाला सांगून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावी. प्लगची तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात बसवणे तर कटाक्षाने टाळावे.

दुसरी गोष्ट यूपीएस. समजा, संगणकात १४५ वॉटचे आरटीएक्स ५०६० कार्ड, भर आल्यावर ८८ वॉटपर्यंत जाणारा रायझेन ५ ७६०० आणि बाकी भागांचे साधारण ५० वॉट आहेत. बेरीज २८३. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून सुमारे ३३३ वॉट खेचले जातात. मॉनिटरचे ३० मिळवले की ३६३. दुकानात सर्वाधिक खपणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारणपणे ३६० वॉटच देतो, कारण व्हीए आणि वॉट हे एकच नाहीत. म्हणजे वळिवाच्या पावसात वीज गेली आणि खेळ ऐन भरात असला, तर हा यूपीएस आधार देण्याऐवजी स्वतःच मान टाकण्याची शक्यता अधिक. अशा संगणकाला १००० ते ११०० व्हीएचा यूपीएस हवा. तो खेळ चालू ठेवण्यासाठी नसून पाच-दहा मिनिटांत काम साठवून संगणक नीट बंद करण्यासाठी आहे.

वीजबिलाचाही हिशेब येथेच लागतो. ३६३ वॉटचा हा भार रोज चार तास पूर्ण चालला, तर महिन्याला सुमारे ४४ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांनंतर पुढचा, महाग टप्पा लागू होतो. चार मुलांच्या खोलीत असे दोन संगणक असतील, तर बिलाची वाटणी आधीच ठरवलेली बरी.

उन्हाळा आणि धूळ यांचा विचार कसा करावा?

परदेशातील चाचण्या बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. लोणीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरील खोलीत उकाडा आणखी वाढतो. हीटसिंक आणि पंखे चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते फक्त चिप आणि खोली यांच्यातील अंतर आटोक्यात ठेवतात. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहणारी चिप ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या घरात जाते. ती लगेच जळत नाही, स्वतःचा वेग कमी करते. म्हणजे पैसे मोजले एका वेगाचे आणि मे महिन्यात मिळाला दुसराच. शिवाय संगणकाने घेतलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते.

म्हणून पुढच्या बाजूला काच असलेल्या झगमगीत कॅबिनेटपेक्षा जाळीचे, काढून धुता येणारा धूळफिल्टर असलेले साधे कॅबिनेट घ्यावे. टँकर आणि अवजड वाहनांच्या वर्दळीमुळे महामार्गालगतच्या खोल्यांत धूळ लवकर साचते. दर महिन्याला फिल्टर झटकणे हा फुकटातला सर्वोत्तम ‘अपग्रेड’ आहे.

जुने भाग घ्यावेत का?

घ्यावेत, पण पारखून. ‘आय ७’ हे नाव ऐकून भुलू नये. २०१२ मधला प्रोसेसरही आय ७ आहे आणि कालचाही. विंडोज १० चे नियमित पाठबळ ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरवर चालते. ग्राफिक्स कार्डांतही हीच तऱ्हा. आरएक्स ५८० च्या नावाने विकले जाणारे ‘२०४८एसपी’ हे कार्ड मूळ आरएक्स ५८० पेक्षा कमी ताकदीचे असते, कारण मूळ कार्डात २३०४ गणनकेंद्रे असतात. जुने कार्ड घेताना जीपीयू-झेडसारख्या मोफत प्रणालीवर त्याची ओळख तपासावी आणि अर्धा तास तरी जड खेळ चालवून पाहावा. कॅबिनेट, मॉनिटर, कूलर हे भाग जुने घेतले तरी चालतात. एसएमपीएस मात्र जुना घेऊ नये. त्याचे वय बाहेरून कळत नाही.

बुधवार पेठेतील तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन दुकान, प्रत्येक भागाचे जीएसटीसह बिल आणि त्यावर अनुक्रमांक हवाच. जुळवलेल्या संगणकाला एकत्रित वॉरंटी नसते, प्रत्येक भागाची वेगळी असते. बिल टाळून वाचवलेले पैसे पहिल्याच बिघाडात परत जातात.

मग लॅपटॉपच का नको?

दरवर्षी खोली बदलणाऱ्या आणि वर्गात यंत्र नेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी लॅपटॉप हा प्रामाणिक पर्याय आहे. त्यात बॅटरीच्या रूपाने यूपीएस आयताच मिळतो. पण त्याचे ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही आणि त्याच नावाचे डेस्कटॉप कार्ड सहसा अधिक वेगवान असते. चार-पाच वर्षे एकाच यंत्रावर काढायची असतील आणि ते टप्प्याटप्प्याने वाढवायचे असेल, तर जुळवलेला संगणक सरस ठरतो.

कात्री लावायचीच तर कुठे?

झगमगणाऱ्या दिव्यांना, काचेच्या कॅबिनेटला, पाण्याच्या कूलिंगला, गरज नसलेल्या महागड्या मदरबोर्डला आणि ‘गेमिंग’ लिहिले म्हणून दुप्पट किमतीच्या खुर्ची-कीबोर्डला. त्यानेही भागले नाही तर ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचे घ्यावे. कमी ताकदीचे कार्ड खेळातील सावल्या थोड्या पुसट दाखवते, एवढेच. ते पुढे विकता येते, बदलता येते. निकृष्ट पॉवर सप्लायची चूक मात्र दुरुस्त करायची संधी देईलच असे नाही. रॅम आज महाग आहे, उद्या कदाचित स्वस्त होईल. पण पालकांच्या बचतीतून उभा राहिलेला संगणक रोज रात्री ज्या प्लगवर विसंबून असतो, तिथली काटकसर कोणत्याही भावात परवडणारी नाही.